‘योग’ म्हणताना कोणता योग, हेही सांगितले जावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

योग दिन होऊन आठवडा उलटला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 11 डिसेंबर 2014 रोजी, 177 देश सहप्रस्तावक असलेल्या ठरावाने 21 जून हा दिवस योगासाठी मुक्रर केला. तेव्हापासून दरवर्षी या दिवसांत सर्वच वृत्तपत्रांची पाने मैदाने, सतरंज्या आणि वर उचललेले हात यांच्या छायाचित्रांनी भरून जातात. मला त्याचा आनंदच आहे. बायकांनी योगवर्गाला यावे म्हणून एके काळी घरोघर जाऊन सासूबाईंची समजूत घालावी लागत असे, त्याच गावात आज शेकडो माणसे एका वेळी ताडासनात उभी राहतात, ही लहान गोष्ट नव्हे. तरीही एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे आणि ती आपल्या वाचकांपुढे ठेवावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. ‘योग’ हा शब्द आपण आता एकाच अर्थाने वापरू लागलो आहोत. आसने आणि त्यापाठोपाठ थोडा प्राणायाम म्हणजे योग, असे गृहीत धरून शिकवणारा शिकवतो आणि शिकणारा शिकतो. आपण शिकतो आहोत ते कोणत्या वाटेवरचे आहे, ते कोणी कशासाठी घालून दिले, हे सांगण्याची आणि विचारण्याची रीतच मोडत चालली आहे.

मी साताऱ्याची. माध्यमिक शाळेत 31 वर्षे संस्कृत आणि मराठी शिकवले, आणि निवृत्तीनंतर गेली 11 वर्षे पहाटे साडेपाचला एका देवळाच्या सभामंडपात विनामूल्य योगवर्ग घेते. रोज पंचवीस-तीस जण येतात. त्यांत मंडईत भाजी विकणाऱ्या बायका आहेत, एक निवृत्त तलाठी आहेत, कॉलेजच्या दोन मुली आहेत. तीन वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी येऊ लागल्या. नऊवारी लुगडे, गळ्यात तुळशीची माळ, आणि दरवर्षीची पायी वारी न चुकवलेली. पहिल्याच दिवशी पश्चिमोत्तानासनात त्यांचे हात गुडघ्यांच्या जरा खाली पोहोचले आणि तिथेच थांबले. मी पाठीवर हात ठेवून ‘ओढू नका, नुसता श्वास सोडा’ म्हटले, तेव्हा तशाच वाकलेल्या अवस्थेत त्यांनी विचारले, “बाई, आम्ही रोज सांजच्याला हरिपाठ म्हणतो. त्यात माउली म्हणतात, ‘योगयागविधी येणें नोहे सिद्धी’. मग तुम्ही शिकवता तो योग कुठला?”

संस्कृतची शिक्षिका असूनही मला उत्तर देता आले नाही. ‘शवासन झाल्यावर सांगते’ म्हणाले आणि त्या दिवशी सांगितलेच नाही. घरी येऊन ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय उघडला, मग पातंजल सूत्रे, मग हठप्रदीपिका, आणि पुढचे कित्येक महिने याच वाचनात गेले. त्यातून जे हाती लागले, ते आजींना सांगितले तसेच इथे मांडते.

गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसण्याची कृती थोडक्यात आली आहे. जागा शुद्ध असावी, बैठक फार उंच नको आणि फार खाली नको, तिच्यावर दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र असावे, मग शरीर, मस्तक आणि मान सरळ धरून नाकाच्या शेंड्याकडे दृष्टी लावावी. तिथे ‘आसन’ या शब्दाचा पहिला अर्थ अक्षरशः बसायची जागा एवढाच आहे. कुंडलिनीचा, म्हणजे शरीरात सुप्त मानलेल्या शक्तीचा, तर मूळ गीतेत उल्लेखच नाही. पण शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला याच श्लोकांवर बोलताना ज्ञानेश्वर महाराज मूळ श्लोकांच्या कितीतरी पुढे जातात. टाच कुठे दाबायची, देह कसा तोलायचा हे सांगून ते म्हणतात, ‘अर्जुना हें जाण । मूळबंधाचें लक्षण । वज्रासन गौण । नाम यासी ॥’ पुढे हनुवटी छातीकडे दाबण्याचा जालंधर बंध येतो, नाभीखालचा ‘वोढियाणा’ येतो, आणि त्यानंतर ती कुंडलिनी, जिला त्यांनी भीतीचे नव्हे तर मायेचे रूप दिले: ‘नागाचें पिलें । कुंकुमें नाहलें । वळण घेऊनि आलें । सेजे जैसें ॥’ कुंकवाने न्हालेले नागाचे पिल्लू वेटोळे घालून अंथरुणावर निजले आहे. शाळेत ही ओवी मी अनेकदा शिकवली, पण अलंकार ओळखायला लावण्यापलीकडे तिच्यात शिरले नव्हते, याची मला आज खंत वाटते.

मला सर्वांत मोलाची वाटली ती मात्र याच वर्णनाच्या अखेरीस येणारी ओवी: ‘पिंडें पिंडाचा ग्रासु । तो हा नाथसंकेतींचा दंशु । परि दाऊनि गेला उद्देशु । श्रीमहाविष्णु ॥’ पिंडाने पिंडाचा ग्रास करण्याची ही खूण नाथपंथाची आहे, श्रीकृष्णाने तिचा इथे नुसता निर्देश केला, असे माउली सांगतात. आपण जे उलगडून दाखवले ते कोणत्या घरचे आहे, हे त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकले. पुढे बाराव्या अध्यायात, अव्यक्ताच्या, म्हणजे निराकार ब्रह्माच्या, मागे योगमार्गाने जाणाऱ्यांविषयी बोलताना, योगाच्या बळाने त्यांना काही अधिक मिळते असे नाही, वाट्याला येतात ते कष्टच, हेही तेच सांगतात आणि भक्तीची वाट मोकळी करून देतात. म्हणजे हरिपाठातला चरण आणि सहावा अध्याय यांत भांडण नाही. हठयोगाची, म्हणजे शरीर आणि श्वास यांच्या साधनेची, खडतर वाट आतून माहीत असलेला माणूस संसारी माणसाला सांगतो आहे की तुझ्यासाठी नामाची वाट आहे. वाटा दोन आहेत, आणि सांगणाऱ्याला दोन्हींची नावे ठाऊक आहेत.

ही नाथांची वाट मराठी माणसाला परकी नाही. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव ही परंपरा ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या अध्यायात दिलेलीच आहे. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर निवृत्तिनाथांना गहिनीनाथ भेटल्याची कथा आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते, मढीला कानिफनाथांच्या यात्रेला लोक लोटतात, आणि शके 1741 मध्ये पूर्ण झालेल्या ‘नवनाथ भक्तिसार’ या ग्रंथाच्या 40 अध्यायांची पारायणे आजही घरोघर होतात. पण ज्या घरात हे पारायण होते, त्याच घरातला मुलगा सकाळी ‘योगा’च्या वर्गाला जातो, तेव्हा या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे हे त्याला कोणी सांगत नाही. संबंध अगदी सरळ आहे. स्वात्मारामांची ‘हठप्रदीपिका’, जिच्या आधाराने आजचे बहुतेक वर्ग चालतात, ती साधारण पंधराव्या शतकातली आहे आणि तिची सुरुवातच आदिनाथांना वंदन करून होते. पुढे सिद्धांची नावे येतात, त्यांत मत्स्येंद्र आणि गोरक्ष आहेत. म्हणजे बंधांचे आणि कुंडलिनीचे ज्ञानेश्वरीतले मराठी वर्णन या संस्कृत ग्रंथापेक्षा सुमारे दीडशे वर्षांनी जुने ठरते. मराठीच्या शिक्षकांनी हे वर्गात छाती पुढे काढून सांगायला हवे.

हठप्रदीपिकेत आसन हे हठाचे पहिले अंग मानले आहे आणि त्याचे फळ स्थैर्य, आरोग्य आणि अंगाचा हलकेपणा असे दिले आहे. तिच्यात कृतीसह वर्णन केलेली आसने 15 आहेत, आणि त्यांत उभ्याने करायचे एकही नाही. शिवाय स्वात्माराम आरंभीच सांगतात की ही हठविद्या ‘केवलं राजयोगाय’, फक्त राजयोगासाठी, म्हणजे ध्यान-समाधीच्या योगासाठी, शिकवली जाते आहे. आता पतंजलींकडे यावे. चार पादांच्या 195 सूत्रांत (काही पाठांत 196) आसनाला वाहिलेली सूत्रे तीन. ‘स्थिरसुखमासनम्’ हे पहिले. प्रयत्न सैल झाला आणि मन अनंताशी जुळले की आसन साधते, हे दुसरे. मग थंडी-ऊन अशी द्वंद्वे बाधत नाहीत, हे तिसरे. संपले. एकाही विशिष्ट आसनाचे नाव तिथे नाही. पतंजलींचा सगळा भर चित्ताच्या वृत्ती आवरण्यावर आहे, त्यासाठी अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय ते पहिल्याच पादात सांगतात, आणि आठ अंगांत आसनाच्या आधी यम आणि नियम, म्हणजे इतरांशी आणि स्वतःशी कसे वागावे याची पथ्ये, ठेवतात. हठप्रदीपिकेची सुरुवात शरीरापासून होते, पतंजलींची माणूस दुसऱ्याशी कसा वागतो तिथपासून होते. दोघेही एकमेकांना खोडून काढत नाहीत, पण दोघे एकच आहेत असे म्हणणे दोघांवरही अन्याय करणारे आहे.

मग आमच्या सभामंडपात रोज जे चालते ते काय आहे? या प्रश्नाशी मी बराच काळ थांबले, कारण उत्तर मला माझ्याच सवयींना हात घालून शोधायचे होते. आम्ही 12 सूर्यनमस्कारांनी सुरुवात करतो. सूर्यनमस्कार ना पातंजल सूत्रांत आहेत, ना हठप्रदीपिकेत. उलट हठप्रदीपिकेवरील ब्रह्मानंदांच्या ‘ज्योत्स्ना’ टीकेत, योग साधणाऱ्याने टाळावयाच्या कायक्लेशांचे उदाहरण म्हणून पुष्कळ सूर्यनमस्कार घालणे आणि जड ओझी वाहणे ही दोन कामे शेजारी शेजारी दिली आहेत! माझे आजोबा औंधच्या शाळेत शिकले. तेव्हाच्या औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी नमस्कार शाळेशाळेत सक्तीचे केले होते, आणि आजोबा वयाच्या ऐंशीपर्यंत रोज पहाटे, अंगावर घोंगडी टाकायच्याही आधी, बीजमंत्र म्हणत ते घालत. पण त्यांनी त्याला कधी योग म्हटलेले मला आठवत नाही. ‘नमस्कार घालून येतो’ म्हणत, आणि कोणी विचारलेच तर ‘व्यायाम’ म्हणत. औंधच्या राजांनी ज्याचा प्रसार केला ती उपासनेची जोड असलेली तालीम होती, आणि तिचे तेज तिच्या स्वतःच्या नावातच आहे. आम्ही नमस्कार सोडलेले नाहीत आणि सोडणारही नाही. पण आता वर्गात मी ते औंधचे म्हणून सांगते.

नमस्कारांनंतर आम्ही जे करतो त्यात विसाव्या शतकातले दोन प्रवाह आहेत. पहिला नर्मदेकाठच्या मालसरहून आला. तिथल्या परमहंस माधवदासजींच्या दोन शिष्यांनी मुंबईत आणि लोणावळ्यात जे उभे केले, त्याने योगाला मठातून बाहेर आणले. श्रीयोगेंद्रांनी 1918 साली वर्सोव्याला संस्था काढली, ती पुढे सांताक्रूझला स्थिरावली. आणि अमळनेरला अध्यापन केलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. नौली आणि उड्डियान या पोटाच्या क्रिया करताना आत काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाब मोजण्याच्या उपकरणांनी तपासले. जे पूर्वी गुरूच्या शब्दावर मानायचे, ते मोजून पाहायचे धैर्य या माणसाने दाखवले. रुग्णाला कोणते आसन द्यावे आणि कोणते देऊ नये याचा विचार आज आपल्याकडे होतो, त्यामागे लोणावळ्याच्या त्या प्रयोगशाळेचे मोठे देणे आहे.

दुसरा प्रवाह म्हैसूरहून आला. तिथे राजवाड्याच्या आश्रयाने कृष्णमाचार्यांनी तरुण मुलांना जी आसनांची शाळा दिली, तिच्यातून बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्याला आले. यायचे होते काही महिन्यांसाठी, राहिले ते 2014 साली शेवटचा श्वास घेईपर्यंत. त्याच शाळेतून पट्टाभि जोइस यांची विन्यासाची, एका श्वासाला एक हालचाल जोडत जाणारी पद्धत निघाली. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी इतक्या निराळ्या वाटा काढाव्यात, आणि आपण मात्र वर्तमानपत्रात दोन्हीला ‘योगा’ एवढेच म्हणावे, याचे वाईट वाटते.

अय्यंगार पद्धतीच्या एका शिक्षकांकडे मी पुण्यात वर्षभर शिकले. पहिल्या महिन्यातली एक सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. त्रिकोणासन चालू होते. माझा हात जमिनीकडे जाताना छाती पुढे पडत होती आणि मी तो हात कसाबसा घोट्याला टेकवून खूश होते. शिक्षकांनी काही न बोलता माझ्या तळहाताखाली लाकडी ठोकळा उभा करून ठेवला आणि म्हणाले, “आता मागच्या पावलाची बाहेरची कड दाबा.” तेवढेच. पावलाची कड दाबली तशी मांडी वळली, मांडी वळली तशी कंबर मोकळी झाली, आणि छाती आपोआप आकाशाकडे फिरली. पाऊण तास आम्ही त्या एका आसनावर होतो. भिंतीतल्या कड्यांना बांधलेले दोर, पट्टे, लोखंडी खुर्च्या, घड्या घातलेली कांबळी या सगळ्यांचा उपयोग एवढाच की ज्याचे शरीर ताठर आहे त्यालाही आसनाचा खरा आकार अनुभवता यावा. आणि प्राणायाम? तो तिथे आसने पक्की झाल्यावरच, आडवे झोपून, छातीखाली कांबळे घेऊन सुरू होतो. घाई नाही.

यांशिवाय महाराष्ट्रात किती तरी झरे आहेत, ज्यांचा योग दिनाच्या बातमीत उल्लेख येत नाही, कारण त्यांचे छायाचित्र काढता येत नाही. पावसला स्वामी स्वरूपानंदांनी नाथपरंपरेतले सोऽहंचे, म्हणजे ‘तो मीच’ या भावाचे, ध्यान गृहस्थाश्रमी माणसांपर्यंत नेले. पुण्याच्या वासुदेव निवासात गुळवणी महाराजांमुळे शक्तिपाताची, म्हणजे गुरूने शिष्यातली शक्ती जागवण्याची, परंपरा रुजली. नागपूरला जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळाने विनामूल्य वर्गांची प्रथा घालून दिली, आणि तिचाच दाखला डोळ्यांपुढे ठेवून मी शुल्क घेत नाही.

आणि कर्मयोगाचे काय? ‘योगः कर्मसु कौशलम्’ ही गीतेतली ओळ आज योगवर्गाच्या फलकांवर कमळाच्या चित्राखाली छापलेली दिसते. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले, त्याचे दुसरे नावच ‘कर्मयोगशास्त्र’ आहे. गीतेतला ‘योग’ शब्द बहुतेक ठिकाणी आसन-प्राणायामाच्या अर्थाने येत नाही, फळावर आसक्ती न ठेवता कर्म करण्याच्या युक्तीसाठी येतो, हे त्यांनी आधारांनिशी मांडले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते, तोही योगाचाच अभ्यास होता. ज्या मराठी समाजाने ‘योग’ या शब्दासाठी एवढे मनन केले, त्याच्या मुलांना हा शब्द फक्त लवचीकपणाशी जोडलेला माहीत असावा, हे मला पटत नाही.

योगी कोण, याची सर्वांत लहान व्याख्या मात्र आपल्या मुक्ताबाईंची आहे. रागावून ताटी लावून बसलेल्या भावाला, ज्ञानदेवांना, ती म्हणते, ‘योगी पावन मनाचा । साही अपराध जनाचा ॥ विश्व रागें झाले वन्ही । संतें सुखें व्हावें पाणी ॥’ यात ना आसन आहे ना प्राणायाम, आणि पतंजलींचा अहिंसेचा पहिला यम मात्र संपूर्ण आहे.

वाट न सांगितल्याने नुकसान काय होते, असे कोणी विचारील. मी पाहिलेले सांगते. आमच्या वर्गातले एक गृहस्थ रक्तदाबाच्या गोळ्या घेतात. मोबाइलवर पाहून त्यांनी घरी कपालभातीचे वेगवान फेरे सुरू केले, रोज वाढवत नेले, आणि एका सकाळी चक्कर येऊन पायरीवर पडले. दैवाने हाड मोडले नाही. ‘मी तर प्राणायाम करत होतो’, असे ते मला पुन:पुन्हा सांगत होते. पण हठप्रदीपिकेत कपालभाती प्राणायामात नाही. धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्याबरोबर ती षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत येते, आणि तिथेच स्पष्ट म्हटले आहे की ज्याच्या शरीरात मेद आणि कफ अधिक आहेत त्याने ही कर्मे आधी करावीत, ज्याचे दोष समतोल आहेत त्याने करू नयेत. प्राणायामाविषयी तर इशारा आणखी कडक आहे. सिंह, हत्ती, वाघ यांना जसे हळूहळू वश करावे लागते तसेच वायूलाही, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. ही क्रिया कोणत्या ग्रंथातली आणि कोणासाठी, एवढे जरी त्या गृहस्थांच्या कानावर गेले असते, तरी त्यांनी निदान मला किंवा आपल्या डॉक्टरांना आधी विचारले असते.

दुसरा प्रसंग एका शाळेतला. तिथे मला योगासन स्पर्धेची परीक्षक म्हणून बोलावले होते. सहावीतली एक मुलगी वृश्चिकासनात थरथरत उभी होती, बाजूला घड्याळ घेऊन सेकंद मोजणारे सर होते, आणि तिचा चेहरा लाल होत गेलेला मला दिसत होता. उतरल्यावर पाणी देताना तिने हळूच विचारले, “बाई, ह्यात श्वास कधी घ्यायचा?” स्पर्धांना माझा विरोध नाही, मुलांना त्यातून उभारी येते. पण त्या मुलीला कोणी सांगायला हवे होते की हा योगासनांचा क्रीडाप्रकार आहे, त्याची मापे क्रीडेची आहेत, आणि ‘स्थिर’ व ‘सुख’ ही मापे लावणारी दुसरी एक शाळा हजारो वर्षांपासून आपल्याकडे आहे.

माझीच एक माजी विद्यार्थिनी योगशिक्षिका होण्यासाठी दीड महिन्याचा अभ्यासक्रम करून आली. यम-नियमांविषयी काय शिकवले, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, “नावे पाठ करायला सांगितली, परीक्षेत रिकाम्या जागा भरायला येतात.” मुलगी प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे. तिला अपुरे दिले गेले, आणि ते अपुरे आता ती चाळीस जणांना देणार आहे. याचे दुःख मी कोणाजवळ सांगू?

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. जो कोणी योग शिकवतो, मग तो देवळात असो, महापालिकेच्या सभागृहात असो किंवा पडद्यावर असो, त्याने पहिल्या दिवशी सांगावे की मी अमुक पद्धतीचे शिकवतो, अमुक ठिकाणी शिकलो, आणि माझ्या शिकवण्यात अमुक गोष्टी नाहीत. गवई मैफलीत बसला की घराणे विचारले जाते आणि तोही अभिमानाने सांगतो, मग इथे संकोच कसला? मिश्रण करायला हरकत नाही, माझा वर्गही मिश्रणच आहे. पण कशाकशाचे मिश्रण, हे शिकणाऱ्याला ठाऊक असावे. आणि आपल्यासारख्या दैनिकांना विनंती अशी की, पुढच्या वर्षी जूनमध्ये मैदानावरच्या छायाचित्रांच्या शेजारी एक स्तंभ रिकामा ठेवावा आणि रोज एका वाटेविषयी, तिच्या जाणकाराकडून लिहून घ्यावे. एक दिवस नाथांचा, एक दिवस लोणावळ्याचा, एक दिवस म्हैसूर आणि पुण्याचा, एक दिवस गीतारहस्याचा. शाळांनीही त्या दिवशी आसनांच्या प्रात्यक्षिकाआधी सहाव्या अध्यायातल्या दहा ओव्या मुलांकडून वाचून घ्याव्यात, पाच मिनिटे लागतील.

आजींना मी उत्तर दिले ते आठ महिन्यांनी. म्हटले, “आजी, सकाळी इथे जे करतो ती हठयोगाची पहिली पायरी आहे, तिच्यात औंधचे नमस्कार आणि लोणावळ्या-पुण्याची शिस्त मिसळलेली आहे. तुमचा संध्याकाळचा हरिपाठ तो भक्तियोग. माउलींना दोन्ही ठाऊक होते.” त्यांनी मान हलवली आणि विचारले, “मग ते ठाऊक असलेले कुठे लिहिलंय, ते वाचून दाखवाल का?” तेव्हापासून दर गुरुवारी शवासनानंतर अर्धा तास आम्ही सहावा अध्याय वाचतो. ओव्या आजीच म्हणतात, कारण त्यांच्या चालीत त्या जिवंत होतात, आणि टाच कुठे, नाभी कुठे, हनुवटी कुठे टेकते, एवढे मी बसून दाखवते. गेल्या गुरुवारी आम्ही वोढियाणा बंधापर्यंत आलो.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
सातारा